किंजळाखालचं पाखरू

१

देवाचा कोंबडा रात्रीत नाहीसा झाला आणि सकाळी किंजळाच्या झाडाखाली त्याची पिसं तेवढी सापडली. पिसांच्या मधोमध एक छोटा शिकारी पक्षी मरून पडला होता. चोरी आणि चोर एकाच जागी! एवढी सोय पोलिसांनासुद्धा कधी मिळत नाही.

ही हकिगत मला कळली ती कापडे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीवर, धापा टाकताना. धापा फक्त मीच टाकत होतो. माझी बायको गौतमी केव्हाच पुढे पोचली होती. ती पोलादपूर तालुक्यात जनावरांची डॉक्टर आहे. वाडीतल्या शेळ्यांना लस टोचायचा दिवस होता, सरकारी गाडी दुसरीकडे गेलेली, म्हणून मी, विनीत, महाडमधलं औषधाचं दुकान बंद ठेवून तिचा सारथी झालो होतो.

गाडी वाडीपर्यंत जातच नाही. खाली सपाटीवर एक पांढरी पिकअप उभी होती, तिच्या शेजारी मी मोटारसायकल लावली. पिकअपमध्ये जांभ्या दगडाचे चिरे आणि सिमेंटच्या गोणी होत्या. पुढे पायवाटच असल्यानं हे सगळं कोणाच्या तरी डोक्यावरून वर जाणार होतं. पुढच्या जाळीला लिंबू-मिरची टांगलेली, आणि तिच्यात हौसेनं गडद पट्ट्यांचं एक करडं पीसही खोचलेलं. काय एकेक फॅशन निघते, असं म्हणत मी चढाला लागलो.

वर किंजळाला पाठ टेकून एक म्हातारी बसली होती. ठकूबाई. तिचं घर त्या झाडाच्या बरोबर खाली, उताराच्या पोटात.

"बाय, तू डॉक्टर ना गो?" ती गौतमीला म्हणाली. "मंग ह्यांना सांग. झाडाला करवत लावायची तर पयली माज्या मानेला लावा."

२०२१च्या जुलैत आमच्या महाड-पोलादपुरात डोंगर खाली आले, तेव्हापासून इकडे कोणी झाडाच्या मुळांकडे सहज म्हणून बघत नाही. ठकूबाईची सख्खी बहीण त्या दरडीखाली गेली. किंजळाची मुळं तिच्या घरामागची सगळी दरड मुठीत धरून होती. झाड गेलं की पुढच्या पावसात घर गेलं, आणि घरात ती एकटी.

"आमी काय हौस म्हणून तोडतोय?" वाडीचा गावकर हैबती म्हणाला. धोतर गुडघ्यापर्यंत, आवाज देवळातल्या घंटेएवढा. "पेरणीआधी देवाची राखण द्यायची, कोंबडा कापायचा. त्यासाठी सोडलेला कोंबडा. त्याला कोणी दगड मारीत नाय, हाकलीत नाय. आन देवाच्याच झाडावर घरटा करून ह्या शिक्र्यानं देवाचाच कोंबडा मारला, तवा देवानं त्याला तिथंच आडवा केला! आमी कौल लावला. देवानं उजवा दिला, म्हंजे तोडा. जेवणं झाली की करवतवाला येतोय."

ठकूबाईनं डोळे मिटून झाडाला पाठ आणखी घट्ट दाबली. गौतमीनं लशीची पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचला. तिचा पदर खोचलेला मी घरी पाहतो तेव्हा मुकाट्यानं भांडी घासायला घेतो.

"शेळ्या नंतर," ती म्हणाली. "आधी चोर दाखवा."

२

चोर सुपात ठेवला होता. कबुतराएवढा देह, राखाडी पाठ, पोटावर तांबूस आडव्या रेघा, लांब शेपटीवर गडद पट्टे.

"शिक्रा कसा असतो?" गौतमीनं विचारलं.

उत्तर चांगूनं दिलं. गळ्यात गुलेल, कमरेला कोयती. रानातलं त्याला सगळं ठाऊक, निदान त्याचं तसं म्हणणं. "असाच की! राखी पाठ, छातीवर रेघा, शेपटीला पट्टे. सपकन येतो, पिल्लू उचलतो, सपकन जातो."

"माजी सगळी पिल्लं त्यानंच खाल्ली," हैबती म्हणाला.

"खाल्ली असतील, मी नाही म्हणत नाही. आणि पाय? शिक्र्याचे पाय कसे असतात?"

चांगूनं हैबतीकडे बघितलं. हैबतीनं चांगूकडे. शिक्र्याचे पाय बघायला तो थांबतो कुठे?

गौतमीनं मेलेल्या पाखराचा पाय चिमटीत धरून बोटं उलगडली. "शिकाऱ्याची तीन बोटं पुढे, एक मागे, आणि नख्या सुयांसारख्या. आवळून जीव घेतात. इथं बघा: दोन पुढे, दोन मागे. नख्या अगदीच बेताच्या. चोच बघा, मांस फाडायला आकडा हवा, तो कुठाय? ह्या पाखरानं जन्मात कोंबडीचं पिल्लू उचललेलं नाही, मग तो जंगी कोंबडा कुठला मारतंय! हे सुरवंट खातं."

"आयला," चांगू म्हणाला. "मंग ह्याचा तोंड शिक्र्याचा कसा?"

"उसनं आहे. शिक्रा घारी-गरुडांच्या खानदानातला. हा कोकिळेचा भाऊबंद. शिक्र्यासारखा दिसतो म्हणून सातभाई घाबरून घरटं सोडतात, आणि मग ह्याची मादी तिथं आपलं अंडं घालून पसार होते."

घरी हा विषय मी रोज जेवताना ऐकतो. ससाणा म्हणे दिसतो घारीसारखा, पण नात्यानं पोपटाला जवळचा. खुद्द शिक्र्याचंसुद्धा शास्त्रज्ञांनी नुकतंच आडनाव बदललं. पाखरांची सोयरीक जुळवण्यापेक्षा महाडात मुलगी पाहणं सोपं, असं मी म्हणतो आणि वाढलेली भाजी निमूट खातो.

तेवढ्यात वर कुठंतरी 'टिट्यू, टिट्यू' असा कडक आवाज आला. सगळ्यांच्या माना वर गेल्या. उंच फांदीवर काड्यांचं घरटं होतं, आणि त्याच्या काठावर खराखुरा शिक्रा, पंजात सरडा धरून, लाल डोळ्यांनी आमच्याकडे बघत बसला होता.

"चोर जित्ता हाय," हैबती पुटपुटला. "मंग हा कोण?"

"पावशा," गौतमी म्हणाली.

'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणत जो दर वर्षी ओरडतो, ज्याच्या हाकेवर ही माणसं बियाणं बाहेर काढतात, तो पावशा. झाडात दडून बसणारं पाखरू; हाक सगळ्यांनी ऐकलेली, तोंड कोणी पाहिलेलं नाही. हैबतीनं सूप दोन्ही हातांनी धरून कट्ट्यावर ठेवलं, घरातलं माणूस उचलून ठेवावं तसं.

"आमच्या पावशाला मारला कोणी?" तो म्हणाला. "आन देवाचा कोंबडा मारला तो कोणी?"

"कोंबडा मेला," गौतमी म्हणाली, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

३

तिनं पिसांची एक मूठ माझ्या नाकाशी धरली. "काय वास येतो?"

"ओल्या कोंबडीचा. आपल्या गल्लीतल्या चिकनच्या दुकानासमोरून जाताना येतो तो."

"शाब्बास. पक्षी कोरडी पिसं उपटतो, ती सुटी सुटी उडतात. ही बघ, गठ्ठे झालेत, दांडे मऊ पडलेत. कोंबडी गरम पाण्यात बुचकळून मग सोललीय. आणि ठकूआजी, देवाच्या कोंबड्याची शेपटी कशी होती?"

"काळी गो. कोयत्यासारखी वाकडी, हातभर."

"ह्यात एक तरी काळं पीस आहे?"

नव्हतं. सगळी तांबडी, आखूड.

"म्हणजे ही पिसं दुसऱ्याच कोंबड्याची," मी म्हणालो. मला भलताच आनंद झाला.

"हळू बोल. ज्यानं मांडली तो इथंच आहे."

वाडीत त्या दिवशी माणसंच थोडी होती. बाकी सगळी मुंबईला. काल संध्याकाळनंतर झाडाकडे गेलेले तिघे. गौतमीनं एकेकाला पडवीत बोलावलं, आणि मी शेळ्यांचे कान धरून उभा राहिल्याचं सोंग करत ऐकत होतो.

चांगू आधी. करवतवाल्यानं त्याला फांद्या देऊ केल्या होत्या, वर्षभराचं सरपण.

"पण मी मारला नाय," तो उसळून म्हणाला. "माजा खडा लागला आसता तर छातीला लागला आसता. ह्याचा कपाळ फुटलाय. असा नेम मी लावीन? लाज नाय वाटायची मला? काल दिसभर मी रानात करवंदा काढत व्हतो."

मग हैबती. त्याच्या कोंबड्यांची पिल्लं गेलेली, राग खरा. काल तो पोलादपूरला लग्नाला गेला होता. "कोंबडीच्या रश्श्याचा जेवण व्हता," त्यानं आपणहून सांगितलं, आणि मी लगेच कान टवकारले. गरम पाणी, पिसं, लग्नाचा मांडव! "पहाटे देवाला पाणी घालायला आलो तवा हा सगळा बघितला. मीच पयला."

शेवटी रितेश. ठकूबाईच्या दिराचा मुलगा. मुंबईत गाडी चालवून आता गावी परतलेला. झाडाच्या पलीकडे वरच्या सपाटीवर मुंबईच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधत होता. गोड माणूस. मला बघताच त्यानं गार पाणी आणून दिलं होतं, आणि एवढ्या चढानंतर मी पाणी देणाऱ्याला शत्रू मानत नाही.

"मॅडम, मी तर गावकीत बोललो, झाड राहू दे, टेन्शन नको. काकीचा घर हाय खाली. पण पब्लिकला कोण समजावणार? देवाचा मॅटर." त्यानं हात पसरले. "कोंबडा तर बिचारा खल्लास."

"काल कुठं होतास?"

"वीर स्टेशनला. भाडं सोडलं, महाडवरून पिकअपात चिरा-सिमेंट भरला, काळोख पडता पडता परत."

तिघेही काल वाडीबाहेर. तिघांनाही वाव. मी मनात हैबतीवर पैज लावली होती.

"विनीत," गौतमी म्हणाली, "लशीच्या सुयांचा डबा मोटारसायकलवर राहिलाय."

"परत खाली? एवढा चढ मी पुन्हा—"

तिनं नुसतं बघितलं. मी निघालो, आणि अर्ध्या वाटेवर करवतवाला मला सामोरा आला. खांद्यावर यंत्राची करवत होती आणि तो शीळ घालत होता.

४

खाली पोचलो तेव्हा मी तिला, शेळ्यांना, समस्त पक्षिजातीला शिव्या घालत होतो. डबा काढला, घाम पुसला आणि सहज समोर पाहिलं. पिकअप. लिंबू-मिरची. ते पीस.

राखाडी, आडव्या गडद पट्ट्यांचं, टोकाला तांबूस.

हौसेनं पीस ओवणारा दोऱ्यात ओवेल. हे मात्र जाळीच्या फटीत घुसून मुडपलेलं होतं, अर्धं लिंबाला चिकटलेलं. मी गाडीभोवती फिरलो. टपापासून चाकापर्यंत घाटाची लाल धूळ बसलेली, पण पुढची काच तेवढी लख्ख पुसलेली.

पावशाचं कपाळ फुटलं होतं ते चांगूच्या खड्यानं नव्हे, ह्या काचेनं. आणि मला ज्यानं पाणी पाजलं त्यानंच ते पाखरू उचलून झाडाखाली ठेवलं होतं. त्याच्या काकीच्या घरामागे! एवढा राग मला कित्येक वर्षांत आला नव्हता. पीस रुमालात घेतलं आणि तो चढ, खरं सांगतो, मी पळत चढलो.

वर करवतीचं यंत्र घरघरू लागलं होतं.

५

ठकूबाई झाडाला मिठी मारून उभी होती. दोन बायका तिला सोडवत होत्या, आणि त्यांच्या मध्ये गौतमी. करवतवाला हैबतीकडे बघत होता.

"मॅडम, बाजूला व्हा," हैबती म्हणाला. "पाखरू कुठलाबी असो. कौल उजवा पडलाय. देवाचा शब्द मोडायचा काय?"

"देवाचा शब्द मी मोडत नाही, हैबतीकाका. कौल खरा. पण तुम्ही देवाला विचारलंत काय? 'तुझा कोंबडा मारणाऱ्या चोराचं झाड तोडू का?' कोंबडा मेलेला नसेल तर? देवाचं उत्तर खोटं नाही, तुमच्याकडून प्रश्नच खोटा विचारवून घेतलाय."

हैबतीनं हात वर केला. करवत बंद झाली.

मी रुमाल तिच्या हातात दिला. तिनं सुपातलं पाखरू उचललं, शेपटी पसरली. मधलं एक पीस नव्हतं. माझ्या रुमालातलं तिथं धरलं. पट्टे पट्ट्यांना जुळले. पण ते कुठं सापडलं हे ती बोलली नाही. मला डोळ्यांनी गप्प केलं आणि म्हणाली, "नारळ आणा."

किंजळाच्या बुंध्याशी देवाचा शेंदरी दगड आहे. त्याच्यापुढे नारळ ठेवला.

"तिघांनी हात ठेवून एवढंच म्हणायचं: देवाचा कोंबडा कुठं आहे ते मला ठाऊक नाही."

हैबतीनं पागोटं काढलं, हात ठेवला, खणखणीत म्हणाला. चांगू म्हणाला, आणि वर "ठाऊक आसता तर आतापावेतो आणला आसता" असं जोडूनही दिलं.

रितेश हसत पुढे आला. "चला, फॉरमॅलिटी." त्यानं हात ठेवला. तोंड उघडलं. "देवाचा कोंबडा..."

वर शिक्र्याची पिल्लं चिवचिवत होती.

"देवाचा कोंबडा..." तो पुन्हा म्हणाला. मग त्यानं हात असा मागे घेतला की नारळ गडगडत ठकूबाईच्या पायाशी गेला.

६

कोंबडा वरच्या सपाटीवर, त्याच्या सिमेंटच्या खोलीत, डालग्याखाली मिळाला. डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. तिच्यावर दोन गोणपाटं टाकलेली, आत मिट्ट काळोख. काळोखात कोंबडा आरवत नाही. चांगूनं गोणपाटं ओढताच त्यानं मान ताठ केली, काळी शेपटी झटकली आणि साऱ्या डोंगराला ऐकू जाईल अशी बांग दिली. राखणीचा दिवस जवळ आलाय हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"तुला कसं कळलं तो जिवंत आहे?" मी विचारलं.

"पिसांवरून. कोंबडा मारायचाच होता तर महाडच्या दुकानातून दुसऱ्याची पिसं आणायची गरज काय? कोणीतरी सगळ्या वाडीला फसवायला तयार होता, पण देवाच्या कोंबड्याच्या मानेला हात लावायला त्याचा हात धजला नाही. मग खोटी शपथ घ्यायलाही धजणार नाही, एवढंच मी धरून चालले. तुझं पीस आलं नसतं तरी नारळ मी मागणारच होते. पीस आलं, तेव्हा फक्त कोणाच्या चेहऱ्याकडे बघायचं ते कळलं."

रितेश बुंध्याशी खाली बसला होता. मुंबईची भाषा गळून पडली होती.

"रस्ता काढायचा तर झाड आडवा येतो, गाडी वर जात नाय," तो म्हणाला. "चिरा चिरा डोक्यावर न्यायचा. देवाचा झाड, मागितला तर कोण तोडू देतोय? काल घाटात हा काचेवर आपटला. मला वाटला शिक्रा. म्हटला, देवानंच धाडला. परत महाडला जाऊन पिसा आणली. कोंबडा मी तुडीलच्या देवळात सोडणार व्हतो, आईशप्पथ. आन काकीच्या मागं भिंत बांधणार व्हतो..."

"कधी?" गौतमीनं विचारलं. "दरड यायच्या आधी की नंतर?"

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं आपण म्हणतो. फसवणाराही त्याच म्हणीत बुडाला. पावशाच्या जागी खरोखर शिक्रा मिळाला असता, तर गौतमीच्या संशयाला पाय फुटले असते की नाही, देव जाणे.

हैबतीनं तिथंच निवाडा केला. झाड राहणार. खोल्यांसाठी आणलेले चिरे किंजळाच्या मुळाशी बांधाला लागणार, आणि बांध रितेश घालणार, पाऊस यायच्या आत, स्वतःच्या हातानं.

"आन मॅडम, माज्या पिल्लांचा काय?" त्यानं हळूच विचारलं.

"पिल्लं शिक्राच नेतोय, त्याची बाजू मी घेणार नाही. त्याची पोरं उडेपर्यंत तुमची डालग्याखाली ठेवा. एक डालगं आता रिकामं झालंय."

करवतवाला शीळ न घालता उतरला. आम्ही शेळ्यांना लस टोचली. निघताना पाहिलं तर ठकूबाई किंजळाखाली बसून हातांनी माती उकरत होती. पावशा तिच्या मांडीवर होता. राखाडी पाठीवरून ती बोट फिरवत होती.

"लग्न होऊन आल्यापासून ह्याच्या हाकंवर पेरत आले," ती म्हणाली. "तोंड आज बघितला."

रितेश कुदळ घेऊन खालमानेनं तिच्यापुढे उभा राहिला. "काकी, मी खणतो." तिनं वर बघितलं.

"ह्याचा तोंड मी बारशापासून बघत आले," ती गौतमीला म्हणाली. "पाय आज दिसले गो."

मग ती बाजूला सरकली आणि मुळाला धक्का न लावता कुठं खणायचं, ते तिनं त्याला बोटानं दाखवलं.